गृहशुश्रूषा : गुणवत्ता व सुरक्षितता

आजारी, अपंग किंवा वृद्ध व्यक्तीस तिच्या राहत्या घरी मोबदला घेऊन दिलेल्या सेवेस गृहशुश्रूषा म्हणतात. जखम बांधणे, अंतःक्षेपण देणे ही परिचारिकेची कामे. तर आंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही साहाय्यकाची कामे होत. रुग्णालयात एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येते. घरी शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा एकटी असते व रुग्ण तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो. गुणवत्तेच्या मानकांची मूळ अडचण हीच आहे.

संघटित गृहशुश्रूषेचा आरंभ लिव्हरपूल येथे झाला. तेथील व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पत्नीच्या अखेरच्या आजारात नेमलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेस १८५९ मध्ये गरिबांच्या घरी पाठविले. प्रशिक्षित परिचारिका पुरेशा मिळेनात, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने तेथे प्रशिक्षणाची सोय करण्यात आली.

अमेरिकेत मेडिकेअर योजनेतून पैसे घेणाऱ्या संस्थांच्या साहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे असतात. परिचारिकेची सेवाही चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत साहाय्यकाच्या कामाची पाहणी साधारणतः दर १४ दिवसांनी होते. रुग्णाचे चालणे, श्वसन, जखमा इत्यादींची ठराविक नमुन्यात नोंद करण्याची पद्धत १९९९ पासून आहे. तीवरून संस्थांची तुलना करता येते. मात्र नोंद करणारे त्याच संस्थेचे सेवक असतात, हे तिचे वैगुण्य होय.

इंग्लंडमध्ये २००० च्या अधिनियमाने अशा संस्था नोंदणी व तपासणीच्या कक्षेत आल्या. तेथे जेमतेम पंधरा मिनिटांच्या भेटींवर बरीच टीका झाली. २०१५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अर्ध्या तासाहून लहान भेट, सेवक रुग्णाच्या परिचयाचा असेल, काम ठराविक व तेवढ्या वेळात होणारे असेल आणि ती मोठ्या सेवेचा भाग असेल, तरच योग्य ठरते. घाईत अंग पुसून होते. पाठीवरील लालसर डाग, म्हणजे शय्याव्रणाची पहिली खूण, पाहण्याचे राहून जाते.

औषध दिल्याबरोबर वेळेसह नोंद व सही करणे, वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा जाड डब्यात टाकणे, रुग्णास उचलताना दुसऱ्याची मदत घेणे हे नियम साधे आहेत. रात्रपाळीच्या सर्व नोंदी सकाळी एकदम भरल्या, तर त्यांना पुरावा म्हणून काहीच किंमत राहत नाही.

महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. ‘ब्यूरो’मार्फत येणाऱ्या आया व साहाय्यकांना मात्र अशी नोंदणी सक्तीची नाही, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम आहेत, पण ते ऐच्छिक. त्यामुळे ओळखपत्र व पूर्वीचे काम तपासण्याचा भार कुटुंबावरच पडतो. केरळात निराळी वाट दिसते. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या कार्यातून तेथे स्थानिक स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये राज्याने यासंबंधीचे धोरण स्वीकारले. परिचारिकेच्या भेटींखेरीज हे स्वयंसेवकही रुग्णाच्या घरी जातात. त्यामुळे त्याच्या स्थितीकडे आणखी एका माणसाचे लक्ष राहते.