ऊसतोडीच्या घरची मुलं आणि भ्रामरी

दिवाळी सरली की धाराशिवच्या कळंब, वाशी, भूम भागांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. कुणाचं पोट दुखतं, कुणाची झोप उडते. त्याला हट्ट समजू नका. शरीरातून बोलणारा तो ताण असू शकतो.

इथे भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याचा प्राणायाम, उपयोगी पडते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. गुणगुणत सोडलेला श्वास लांबतो आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस चेता हृदयाला आवर घालते. मात्र २१ जूनला, योगदिनी, एकदाच रांगा लावून काही साधत नाही. परिपाठानंतर रोज पाच मिनिटं हवीत, आणि आईशी फोनवर बोलणं तर हवंच.

मूल गप्पगप्पच राहिलं, तर गुरुजींनी ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.