शरणपूरच्या सासुरवाशिणी

दुपारची भांडीकुंडी आवरावी, दार लोटावं आणि पंख्याखाली आडवं होऊन उशाखालचं पुस्तक काढावं, हे सुख जिला ठाऊक आहे तिला ऐतिहासिक कादंबरीची गोडी वेगळी सांगायला नको. आमच्या पाचोऱ्याकडे चैत्र-वैशाखात ऊन असं काही तापतं की बाराला लावलेलं दार चारशिवाय उघडत नाही. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात आणि खाली कोणी 'स्वामी'मधल्या रमाबाईंसाठी डोळे टिपत असतं, तर कोणी 'राऊ' तिसऱ्यांदा हातात घेऊन मस्तानीची बाजू घ्यावी की काशीबाईंची, याचा निवाडा करत असतं. वाचनालयातल्या या दोन्ही पुस्तकांचे कोपरे पाहिले की किती हात त्यांच्यावरून गेले असतील ते कळतं.

पण मैत्रिणींनो, या कादंबऱ्यांत एक बाई सारखी येऊन जाते आणि आपलं तिच्याकडे लक्षच जात नाही. विड्याचं तबक पुढे करणारी, रात्री समई सारखी करणारी, निरोप घेऊन धावणारी. तिला नाव असलं तर असतं, नसलं तर नसतं. ती म्हणजे कुणबीण. कुणबी बाई नव्हे, विकत घेतलेली दासी. बटीक म्हणा हवं तर. 'मी काय या घरची बटीक आहे?' असं चिडल्यावर आपण आजही म्हणतो, पण बटीक म्हणजे नेमकं काय हे त्या क्षणी कुठे मनात असतं?

पेशवाईच्या दप्तरांत या बायका जागोजाग भेटतात. कोणती किती रुपयांना घेतली, कोणाच्या वाड्यावर दिली, कोणती पळाली, कोणती म्हातारी झाली म्हणून सोडली, असे ते कागद आहेत. सरकारी कोठीत दळण-कांडण करावं, पागेत राबावं, मालकानं दुसऱ्याला दिलं की मुकाट्यानं तिकडे जावं. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या, लढाईत धरून आणलेल्या, अशा त्या असत. आणि वाचून अंगावर काटा येतो अशी गोष्ट म्हणजे, बदकर्माचा ठपका आलेल्या बाईला शिक्षा म्हणून बटीक करून टाकत! कसूर दोघांचा, पण कुणबीण व्हायची ती बाईच. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर आपल्या बायकामुलांवर तीच पाळी आली. अब्दालीच्या सैन्यानं त्यांना धरून नेलं नि विकलं. पानिपताचं दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो, आणि ते खरंच आहे. पण आपल्याच वाड्यातल्या कुणबिणीला कोणी धरून आणलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. इंग्रज सरकारनं १८४३ साली कायदा करून गुलामावरच्या मालकी हक्काला कोर्टात जागा ठेवली नाही. कागदोपत्री तरी गोष्ट तिथं थांबली.

गुलामाच्या नशिबाची दुसरी तऱ्हाही आपल्या शेजारीच आहे. घृष्णेश्वराला आणि खुलदाबादच्या भद्रा मारुतीला आपण खानदेशातल्या बायका कितीदा जातो! त्याच खुलदाबादेत मलिक अंबरची कबर आहे. हबसाणातून विकला गेलेला हा मुलगा हात बदलत बदलत अहमदनगरला निजामशाहीच्या पेशव्याकडे आला. हा पेशवा चंगीजखान, तोही मूळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं. पुढे मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवणारा, खडकी म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा तो हाच. त्याच्या पराक्रमाचे गोडवे पुष्कळ गातात. मला मात्र मोकळं करणाऱ्या त्या विधवेविषयी जास्त कुतूहल वाटतं.

आता आणखी एक गोष्ट सांगते. ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कादंबरीला हवं ते सगळं तिच्यात आहे, समुद्र, ताटातूट, धर्म, लग्न, परतीचा प्रवास. आणि जागा तर आपल्याच गाडीमार्गावरची. पाचोऱ्याहून चाळीसगाव, मनमाड करत नाशिक रोडला उतरावं आणि रिक्षावाल्याला शरणपूर रोड म्हणावं. नाशिकला माहेर किंवा सासर असलेल्या मैत्रिणींनी त्या रस्त्यावर किती वेळा खरेदी केली असेल! पण हे शरणपूर म्हणजे कोणाच्या शरण येण्याचं गाव, हे विचारायचं सुचलंय का कधी?

एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर माणसांचा बाजार जोरात होता. खेड्यांवर धाडी घालून पोरंबाळं पकडायची, चालवत किनाऱ्याला आणायची आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे न्यायची. इंग्रजांची लढाऊ जहाजं हा व्यापार रोखायला समुद्रात फिरत. गलबत पकडलं की मुलांची सुटका व्हायची. पण सुटून जायचं कुठं? गाव जळालेलं, आईबाप कुठं आहेत ठाऊक नाही, भाषा कोणाला समजत नाही. अशी कितीतरी मुलं मुंबईला उतरवली गेली. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० नंतरच्या काळात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभी केली होती. १८६० च्या सुमारास या आफ्रिकन मुलामुलींचा आश्रम तिथं सुरू झाला. मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकले. लिहायला-वाचायला शिकले. प्रार्थना शिकले. गोदावरीच्या काठी, रामकुंडापासून फार लांब नाही, तिथं ही पोरं मोठी झाली.

तिथं त्यांना नवी नावं मिळाली. चेंग्विंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. ग्रेस, जेमिमा अशी नावं मुलींच्या अंगावर नव्या लुगड्यासारखी चढली. या नावांपाशी आपण बायकांनी क्षणभर थांबायला हवं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव कोरलं जातं आणि माहेरची अमकी सासरची तमकी होते, हा अनुभव आपल्यातल्या कितीजणींचा आहे! कोणी ते हौसेनं घेतलं, कोणी मुकाट्यानं. शरणपूरच्या मुलींना विचारलं गेलं असेल का? मिशनऱ्यांनी त्यांना बाजारातून वाचवलं, अन्न-वस्त्र दिलं, अक्षर दिलं, हे उपकार थोडे नव्हेत. पण नाव आणि देव हे दोन्ही देणाऱ्यानंच निवडले. बेड्या तुटल्या म्हणजे माणूस आपल्या मनाचा झाला असं नव्हे. कोणी लेखक या विषयाला हात घालील तर त्यानं मिशनऱ्याला देवदूतही करू नये आणि राक्षसही करू नये. त्यातल्या काही मुलांची श्रद्धा मात्र उसनी राहिली नाही, हे पुढच्या हकीकतीवरून दिसतं.

१८६५ मध्ये डॉक्टर लिव्हिंग्स्टन मुंबई इलाख्यात आले होते. पुढच्या वर्षीच्या आफ्रिकेच्या सफरीसाठी त्यांनी शरणपूरची काही मुलं बरोबर नेली. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जाऊन मिळाली, त्यांत मॅथ्यू होता आणि जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत, एका खेड्यात, बिछान्याजवळ गुडघे टेकलेल्या स्थितीत वारले. बरोबरच्या माणसांनी ठरवलं, देह इथं टाकून जायचं नाही. काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. जेकबनं प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या सालीवर नाव-तारीख कोरली. हे अक्षर त्याला नाशिकनं शिकवलेलं. मग देह वाळवून, गुंडाळून, सुमारे हजार मैल चालत पुढच्या वर्षी ते किनाऱ्याला पोचले. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीचा मान धरणाऱ्यांत नाशिकचा जेकब होता.

या ताफ्यात एक बाई होती, हलीमा. ती शरणपूरची नव्हे. ती स्वयंपाकीण, आणि दुसऱ्याच्या मालकीची. तिचं इमान पाहून, हिला मोकळी करून झांजिबारला घर आणि बाग घेऊन देईन, असं लिव्हिंग्स्टननी रोजनिशीत लिहून ठेवलं होतं. ते आधीच गेले. हलीमा त्यांच्या देहाबरोबर किनाऱ्यापर्यंत चालली. जेकब, चुमा, सुसी ही नावं पुस्तकांत ठळक येतात आणि रांधणारीचं ओझरतं, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही!

ते १८७३ साल मोठं विलक्षण. त्याच वर्षी झांजिबारचा गुलामांचा बाजार तहानं बंद झाला. तो तह घडवायला गेलेले सर बार्टल फ्रिअर पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' निघालं. निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केलं. अमेरिकेत ज्या पुस्तकानं घराघरात गुलामांसाठी रडू आणलं ते एका गृहिणीचं होतं, हेही सांगायला हवं. हॅरिएट बीचर स्टो ही सात मुलांची आई. १८४९ साली पटकीनं तिचं तान्हं मूल गेलं आणि मूल हिरावून घेतलेल्या गुलाम आईचं दुःख तिला तेव्हा उमगलं, असं तिनंच म्हटलं आहे. तिची 'अंकल टॉम्स केबिन' आधी एका साप्ताहिकातच आठवड्या-आठवड्याला छापून येत होती.

शरणपूरची पाखरं हळूहळू परत गेली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ च्या सुमारासच मोंबासाजवळ रबईच्या मिशनवर गेले होते, बरोबर त्यांच्या बायका, जेमिमा आणि ग्रेस. मग १८७४-७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन ही वस्ती वसवली ती प्राइससाहेबांनी, म्हणजे शरणपूर उभं करणाऱ्यांनीच. इकडून दीडशेच्या आसपास माणसं तिकडे गेली. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. गंमत पाहा, इथं ती हबशी आणि तिथं मुंबईकर! आपल्या मुलखात परत जाऊनही परकेपण सुटलं नाही. माहेरी गेल्यावर दोन दिवसांनी 'आता घरी कधी जाणार?' असं विचारलं जातं, तेव्हा जे पोटात तुटतं, त्याच जातीचं हे असावं.

फ्रिअर टाउनला एक मोठी घंटा होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजवून वस्तीला सावध करत. आजही त्या जागेला केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असं म्हणतात. रबईला जोन्सच्या आसऱ्याला मालकांकडून पळालेली माणसं येऊ लागली. पुढे ते पाद्री झाले होते. मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या, खुद्द मिशनमधल्या गोऱ्यांनाही हे नको होतं. तरी या स्वतः विकल्या गेलेल्या माणसानं दार लावून घेतलं नाही. शेवटी मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी चौदाशेच्या वर स्त्री-पुरुषांच्या हातात सुटकेचे कागद पडले.

या सगळ्यावर मराठी कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही. मैत्रिणींपैकी कोणाचा हात लिहिता असेल तर विषय घ्या म्हणते. पण नायिका राजवाड्यातली नको, आणि तिला सोडवायला घोड्यावरून कोणी राजबिंडा यायलाही नको. ती शरणपूरच्या अंगणात तांदूळ निवडत बसलेली असू दे. संध्याकाळी प्रार्थनेची घंटा होते, पलीकडे गोदावरीवर आरतीची होते, आणि तिला दोन्ही पाठ आहेत. सुतारशाळेतल्या मुलाशी तिचं लग्न ठरलं आहे. तो म्हणतो, जहाज मोंबासाला जाणार, येतेस का? आईनं ठेवलेलं नाव तिनं अजून कोणाला सांगितलेलं नाही. ते नाव ती त्याला बोटीवर सांगते की नाशिकलाच सांगते, ते लिहिणारीनं ठरवायचं.