पेन्सिलीची रेघ आणि मँडोलिनच्या चाव्या

साखळीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरातलं जुनं मँडोलिन पावसाळ्यात सुरात राहत नाही, संध्याकाळी लावावं तर सकाळी उतरलेलं. दुकानदार 18:1 च्या नव्या चाव्या सुचवतो. बसवून घेऊ का?

आधी एक टोकदार पेन्सिल घ्या. मँडोलिन सुरात लावा आणि मागच्या बाजूला दिसणाऱ्या दातेरी चाकावरून खालच्या पत्र्यावर उतरणारी बारीक रेघ ओढा. सकाळी तार उतरलेली, पण रेघ जुळलेलीच असेल, तर चावी निर्दोष आहे. बहुतेक वेळा रेघ जुळलेलीच सापडते. चावीचा मळसूत्री दांडा चाकाला फिरवतो, चाक मात्र दांड्याला फिरवू शकत नाही. मळसूत्राचा चढ इतका कमी असतो की घर्षणच चाकाला अडवून धरतं. सगळ्यांत पातळ तार एकटीच दहा किलोच्या वजनाइतकी ओढ लावते, आठ मिळून पंचाहत्तर किलोच्या आसपास, आणि तरीही चाक जागचं हलत नाही.

या यंत्रामागचा माणूस मला फार मोठा वाटतो. मँडोलिन म्हटलं की लोक अमेरिकेच्या ऑर्व्हिल गिब्सनचं नाव घेतात. त्याचं पेटंट 1898 चं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1835 च्या सुमारास, नेपल्सच्या पास्क्वाले विनाचियाने या वाद्याचा कायापालट केला. त्याने पोलादी तारा चढवल्या. तो ताण जुन्या लाकडी खुंट्यांना पेलणारा नव्हता, म्हणून दातेरी चाव्या आल्या. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या लक्ष्मीकांत कुडाळकरांनी सिनेसंगीतात पाऊल टाकलं ते मँडोलिनवादक म्हणून, आणि त्यांच्या हातातल्या वाद्याची जडणघडणही विनाचियापर्यंत मागे जाते.

तंबोऱ्यात सूर लावण्याचं काम दोघांत वाटलेलं असतं: खुंटी ढोबळ सूर लावते, घोडीपलीकडचा मणी बारीक. मँडोलिनला मणी नाही. दोन्ही कामं एकट्या चावीची. पातळ तार पूर्ण सुरात आली, म्हणजे 659 हर्ट्झवर, तेव्हा ती ताणली जाऊन अवघी साडेचार मिलिमीटर लांबलेली असते. त्यात एका हर्ट्झचा फरक पाडायला तार जेमतेम 0.014 मिलिमीटर ओढावी लागते, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाइतकी! आणि फरक लपत नाही, कारण प्रत्येक स्वराला तारांची जोडी असते. एक 659 वर आणि दुसरी 660 वर असली, की सेकंदाला एक हेलकावा कानाला जाणवतो.

इथे 18:1 चा, म्हणजे खुंटीच्या एका फेऱ्यासाठी चावीचे अठरा फेरे घेण्याचा, खरा उपयोग कळतो. सहा मिलिमीटरच्या खुंटीवर 14:1 ची चावी स्वतःच्या एका फेऱ्यात सुमारे 1.35 मिलिमीटर तार गुंडाळते, 18:1 ची जवळपास 1.05. म्हणजे नेम अधिक बारीक धरता येतो, इतकंच. 'आता सूर उतरणारच नाही' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नव्हे.

मग सूर उतरतो कशामुळे? माझा पहिला संशय मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर. पावसाळी हवेत तारेवर गंज धरतो, खरखरीत तार खाचेत अडकते, आणि मग वाजवता वाजवता 'टंग' करून सुटते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, गंजलेल्या तारा बदला. खुंटीवरचे सैल वेढेही हळूहळू आवळत जातात. शिवाय उष्णता: घरात लावलेलं वाद्य देवळाच्या मंडपात दिव्यांखाली नेलं आणि तार दहा अंशांनी तापली, तर नुसत्या पोलादाच्या प्रसरणानेच सूर चार-पाच हर्ट्झ खाली जातो. लावताना नेहमी खालून वर या. वर गेलात तर बराच उतरून पुन्हा चढा, म्हणजे दातांतली ढिलाई एकाच बाजूला राहते.

चावी दातांत खडखडत असेल, दात झिजले असतील, तर मात्र बदलाच. फक्त पैसे देण्यापूर्वी जुन्या चाव्यांच्या पट्टीवरच्या पहिल्या आणि चौथ्या खुंटीच्या मध्यांमधलं अंतर मोजा. आजच्या बऱ्याच पट्ट्यांत शेजारच्या खुंट्यांमध्ये 23 मिलिमीटर असतात, म्हणजे तीन अंतरांचे 69. तुमच्या जुन्या वाद्याची भोकं 67 ची निघाली, तर चारही खुंट्या एकाच पत्र्यावर असल्याने नवा जोड आत जाणारच नाही, आणि जबरदस्तीने बसवलाच तर खुंट्या घासत फिरतील.