नाण्यांची नावे ओळखा पाहू!

गेल्या हिवाळ्यात निपाणीजवळच्या एका खेड्यात आम्ही घरभेटीस गेलो होतो. तंबाखूच्या शेतातून माणसे नुकतीच परतली होती. रोझरीची प्रार्थना आटोपली आणि चहा होईपर्यंत घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजी जुन्या बाजाराच्या गोष्टी सांगू लागल्या. लहानपणी चवलीत घरची भाजी होत असे, असे त्या म्हणाल्या मात्र, नातवंडे खो खो हसू लागली. चवली हा शब्दच त्यांना नवा! आजी ओशाळून गप्प बसल्या.

आम्हांस ते हसणे रुचले नाही; परंतु रागे न भरता आम्ही एक खेळ मांडला. आम्ही खूण सांगावी, मुलांनी नाण्याचे नाव ओळखावे. वाचकहो, तुम्हीही उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा.

पहिली खूण : ‘माझ्या नावात चांदी आहे, पण अंगात आता नाही.’ मुलांनी चटकन ‘रुपया’ म्हणून सांगितले. संस्कृतात रूप्य म्हणजे चांदी. शेरशहा सूर याने आपल्या १५४० ते १५४५ या कारकीर्दीत पाडलेला रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा होता.

दुसरी खूण : ‘शिवरायांच्या नावाने मी निघालो, माझे नाव मात्र शेजारच्या भाषेतले.’ मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोपऱ्यातून आवाज आला, “होन की हो, फादर! कानडीत सोन्याला होन्नु म्हणत्यात न्हवं?” उत्तर अगदी बरोबर होते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन पाडला. आपल्या सीमाभागात दोन भाषा कानांवर पडतात, त्याचा असाही लाभ होतो. दूर पोलंड देशातही नाण्यास झ्लॉटी, म्हणजे सोनेरी, असेच म्हणतात.

तिसरी खूण : ‘माझ्या नावाचा अर्थ ढाल, गोव्यात मी जेमतेम तीन वर्षे नांदलो.’ हा एस्कुदो. पोर्तुगीज सरकारने १९५९ साली गोव्यातील जुन्या रुपियाच्या जागी तो आणला. एका रुपियास सहा एस्कुदो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि लवकरच एस्कुदोचेही दिवस भरले.

चौथी खूण : ‘आम्ही दोघे शेजारी, दोघांच्याही नावाचा अर्थ गोल.’ हे जपानचे येन आणि चीनचे युआन. पाचवी : ‘मी एका दर्यावर्दीचे नाव मिरवतो.’ हा कोस्टारिकाचा कोलोन. कोलंबसाचे स्पॅनिश नाव तेच.

सहावी खूण आम्ही आजींकडेच सोपविली. त्या म्हणाल्या, “मी दोन आण्यांची.” मुलांनी आता मात्र हसून नव्हे, आनंदाने ओरडून सांगितले, “चवली!” मग हिशेब निघाला. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया झाला, तेव्हा आजी शाळेत होत्या. दोन्ही हिशेब त्यांना तोंडपाठ!

शेवटची खूण मोठी गमतीची : ‘सारे जग मला ओळखते, पण माझ्या नावात कोणाचे आजोबा दडले आहेत, हे थोड्यांनाच ठाऊक.’ हा डॉलर! बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, संत जोकिमचे खोरे या नावाचे गाव आहे. जर्मन भाषेत त्याचे नाव जोआकिमस्ताल. तेथे चांदीची खाण लागली आणि १५२० च्या सुमारास तेथल्या चांदीची नाणी निघू लागली. त्या नाण्याला लोक ‘तालर’ म्हणू लागले; ‘ताल’ म्हणजे खोरे. तालरचाच पुढे डॉलर झाला. आणि संत जोकिम म्हणजे परंपरेनुसार पवित्र मरियेचे वडील, प्रभू येशूचे आजोबा!

धाकटी नात हळूच आजींना बिलगली.

संत जोकिम व संत आन्ना यांचा सण २६ जुलै रोजी येतो. त्या संध्याकाळी, वाचकहो, आपल्या घरीही हा खेळ मांडा, आणि पहिली खूण घालण्याचा मान आजी-आजोबांना द्या.