चाळींतील कांदा सजीव आहे

निफाड, चांदवड, येवला, सटाणा या भागांत चैत्र-वैशाखांत निघालेला रब्बी कांदा चाळींत भरून आश्विन-कार्तिकापर्यंत राखून ठेवण्याची वहिवाट आहे. परंतु भरतांना जेवढें वजन असतें, तेवढें काढतांना कधींच भरत नाहीं. ही तूट जाते कोठें? याचें उत्तर असें कीं, चाळींतला कांदा हा विटांसारखा निर्जीव माल नसून त्यांतील प्रत्येक कांदा जिवंत आहे.

अन्न मिळविणें, श्वसन, वाढ, भोवतालच्या फेरफारांस प्रतिसाद देणें व आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करणें, हीं सजीवांचीं मुख्य लक्षणें होत. चाळींतील कांद्यास ना माती, ना पाणी. तरी त्यास कोंब फुटतो. तोच कांदा पुन्हां शेतांत लावला, तर डेंगळा येऊन बीं धरतें. मग या कामास लागणारी शक्ति तो आणतो कोठून?

ती सूर्यापासून आलेली असते. शेतांत उभी असलेली हिरवी पात हवेंतील कर्बवायु व मुळांनीं शोषलेलें पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें शर्करा तयार करते, आणि ती शर्करा खालीं कांद्याच्या पाकळ्यांत सांठविली जाते. आपली गुरें हिरवा चारा खाऊन ही शक्ति मिळवितात. कांद्यावर चढणारी काळी बुरशी कांदाच खाऊन ती मिळविते. पात सुकल्यावर मात्र कांद्याची आवक बंद होते, पण खर्च थांबत नाहीं. प्राणवायु घेऊन तो आपलीच शर्करा जाळतो आणि कर्बवायु, पाणी व उष्णता बाहेर टाकतो. तुटीचा मोठा भाग उडून गेलेल्या पाण्याचा असतो. उरलेल्यांत या श्वसनाचा व सडीचा वांटा असतो.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे चाळीचे नियम आपोआप समजतात. निम्म्या माना पडल्यावांचून कांदा उपटूं नये. कारण तोंपर्यंत पातींतील अन्न खालीं उतरत असतें. काढणीपूर्वीं दहा-पंधरा दिवस पाणी तोडावें, आणि नत्र खत उशिरां देऊं नये. नाहीं तर मान जाड राहून त्या वाटेनें रोग शिरतो. उपटलेला कांदा तीन ते पांच दिवस पातीसह असा सुकवावा, कीं एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल. मग एक-दीड इंच मान राखून पात कापावी व कांदा सावलींत सुकवावा. वाळलेलीं बाहेरचीं सालें हेंच त्याचें चिलखत होय. तीं कोरडीं असलीं कीं बुरशीस थारा मिळत नाहीं. जोडकांदे, डेंगळ्याचे व दुखावलेले कांदे चाळींत घालूं नयेत.

उष्णमान दहा अंश सेंटिग्रेडनें वाढल्यास श्वसनाचा वेग सामान्यतः दुपटीच्या जवळपास जातो. ढीग फार उंच केला, तर आंतील उष्णता व दमट हवा कोंडून राहते. यास्तव चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच व फटींचा असावा, आणि ढीग पांच फुटांवर नेऊं नये. उलटपक्षीं, थंडीही कोंबास चेतविते. पंचवीस ते तीस अंशांत कोंब दबून राहतो, दहा ते वीस अंशांत तो जोर धरतो. म्हणून थंडी पडूं लागण्यापूर्वीं माल हलविणें हिताचें.

भाभा अणुसंशोधन केंद्रानें 2002 सालीं लासलगांव येथें गॅमा किरणांचें केंद्र उभारलें. या किरणांनीं कोंबाच्या टोंकांतील पेशींची वाढ थांबते. श्वसन मात्र चालूच राहतें. म्हणजे किरण दिले तरी चांगल्या चाळीची गरज टळत नाहीं.

सारांश, कांदा राखणें म्हणजे एका जीवास मंद श्वासावर जगूं देणें होय. त्याचा श्वास कोंडला तर तो सडतो, आणि फार चेतविला तर तो आपलीच शिल्लक खाऊन टाकतो. ती शिल्लक शेतकऱ्याच्या कष्टाची आहे. ती जपण्याची तयारी मात्र चाळींत नव्हे, शेतांत पात हिरवी असतांनाच सुरू झाली पाहिजे.