वेलीची झोपमोड

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास चौघांनी एका चाळिशीतल्या माणसाला उचलून आमच्या रुग्णालयात आणलं. चेहरा, मान, छाती लालबुंद. डोळे तांबारलेले. नाडी मिनिटाला १३०, वरचा रक्तदाब जेमतेम ८०. सोबतचा द्राक्षबागायतदार पुरता घाबरलेला होता. ‘‘साहेब, विष नाही घेतलं त्यानं. दिवसभर माझ्याच बागेत पेस्ट लावत होता. सांजच्याला मजुरी घेतली, एक क्वार्टर प्यायला आणि घरी पोचेपर्यंत हे असं.’’

ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला ही ॲलर्जी वाटत होती. त्याचं चुकलं असं म्हणणार नाही, दिसायला ते तसंच दिसतं. पण ऑक्टोबर महिना, जुन्नर-आंबेगावचा पट्टा आणि ‘पेस्ट’ हा शब्द, एवढं एकत्र आलं की निदान निम्मं झालेलं असतं. पाय उंच केले, सलाईन जोरात सोडलं, ऑक्सिजन लावला. मध्यरात्री रक्तदाब ११०वर आला आणि गडी ‘‘मला झालं काय?’’ म्हणून विचारू लागला.

त्याला काय झालं होतं हे सांगायचं तर आधी द्राक्षवेलीच्या झोपेबद्दल सांगावं लागेल.

द्राक्ष हे मुळात थंडीच्या मुलखातलं झाड. तिकडे हिवाळ्यात वेल पानं गाळते, काडीवरचे डोळे मिटून पडून राहतात आणि पुरेशी थंडी भोगल्यावर वसंतात फुटतात. ही झोप झाडाला वाचवते. जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं म्हणून डोळा फसून फुटला, तर पुढच्या हिमात कोवळा कोंब मरेल. म्हणून झाड थंडीचे तास मोजतं. साधारण ७ अंशांखालचे इतके तास झाल्याशिवाय जागं व्हायचं नाही, असा हिशेब त्याच्यात मुळातच घातलेला असतो.

आपल्याकडे ही वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर फळछाटणी. नारायणगावाकडे डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी पडते, पण ती पडते छाटणीनंतर. ऑक्टोबरात छाटलेल्या काडीने थंडीची एक रात्रही पाहिलेली नसते. मग डोळे मागेपुढे फुटतात, काही फुटतच नाहीत, आणि एकाच बागेत घड वेगवेगळ्या वेळी तयार होतात. निर्यातीचा माल असा चालत नाही. म्हणून छाटणी झाल्यावर एक-दोन दिवसांत काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावतात. हीच ती पेस्ट. थंडीने जे काम करायचं ते रसायन करतं, आणि बाग एकसारखी फुटते.

थंडी मोजण्याचा हा हिशेब झाडात लिहिलेला कुठे असतो? याचं उत्तर सगळ्यात स्वच्छ मिळालं ते पीच या फळात. पीच आपल्या भागात पिकत नाही, त्याचं कारणही हीच थंडी. पण अभ्यासाला ते सोयीचं झाड आहे. स्वतःच्या परागाने फळ धरतं, बी लावल्यावर दोन-तीन वर्षांत फुलतं आणि त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या फक्त ८. आपल्या २३. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

काही गुण पीचमध्ये अगदी शाळेतल्या मेंडेलसारखे वागतात. फळावर लव असणं-नसणं हा एका जनुकाचा खेळ आहे. बिनलवेचं पीच म्हणजेच नेक्टरिन. दोन्हीकडून तो जनुक आला तरच साल गुळगुळीत, नाहीतर लव येणारच. फुलण्याची वेळ मात्र अशी वागत नाही. हजार तास थंडी मागणाऱ्या झाडाचा दोनशे तासांवर भागणाऱ्या झाडाशी संकर केला, तर पोरं अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची होत नाहीत. ती दोघांच्या मधल्या अंतरावर पसरतात. उंच बाप आणि ठेंगणी आई यांच्या मुलांच्या उंचीसारखंच हे. अनेक जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात आणि वर हवामान आपला हात मारतं. मधुमेहाच्या रुग्णाला मी नेमकं हेच सांगत असतो, ‘‘आईला होता म्हणजे तुम्हाला होणारच असं नाही, पण काही जनुकं आलेली आहेत.’’

पिकण्याचंही तसंच, फक्त तिथे चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जागेचा वाटा फार मोठा आहे. शिवाय लवकर फुलणं आणि लवकर पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं झाड आधी फुलून उशिरा पिकतं, दुसरं उलट. वाण तयार करणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं, कारण त्याला हवी तशी जोडी जुळवता येते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात १९५०च्या दशकात राल्फ शार्प यांनी दक्षिण चीनकडच्या, कमी थंडीवर फुलणाऱ्या पीचचं रक्त मोठ्या फळांच्या वाणांत आणायला सुरुवात केली. पिढ्यामागून पिढ्या संकर आणि निवड, असं ते काम पुढे कित्येक वर्षं चाललं. त्या वाणांमुळे आज पंजाबच्या मैदानात एप्रिल-मे महिन्यात पीच पिकतं. आधी पीच म्हणजे डोंगराळ भागाची मक्तेदारी होती.

यात एक अडचण आली, ती मला डॉक्टर म्हणून फार आवडते. फळ फारच लवकर पिकायला लागलं तेव्हा त्यातली बी रुजेना. फळाचा गर तयार, पण आतला गर्भ अपुऱ्या दिवसांचा! मग शास्त्रज्ञांनी कोवळा गर्भ बीमधून काढून काचेच्या नळीत पोषक द्रवावर वाढवायला सुरुवात केली. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला आम्ही पेटीत ठेवतो, त्याची ही बहीणच. बिनबियांच्या द्राक्षाला आई म्हणून वापरायचं तरी हेच करावं लागतं.

आणि मेक्सिकोत एक पीच सापडलं, जे झोपतच नाही. दिवस लहान होवोत की थंडी पडो, शेंडा वाढतच राहतो. १९९०च्या दशकात संकर करून पाहिल्यावर कळलं, की हा गुण एकाच जागेवरून, दोन्ही पालकांकडून मिळाला तरच उतरतो. २००८ मध्ये ती जागा वाचली गेली. तिथे एकाशेजारी एक अशी सहा जनुकं असतात आणि या झाडात त्या रांगेतला मोठा तुकडाच गळालेला होता. झोपेची कळ सापडली ती अशी, ती तुटलेलं झाड पाहून. वैद्यकातही बऱ्याचदा असंच घडतं. साखर शरीरात कशी हाताळली जाते हे आम्ही मधुमेहाकडून शिकलो.

आता आपला लालबुंद झालेला गडी. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं. हे विषारी आहे, पण लगेच दुसरं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकतं. सायनामाइड हे दुसरं एन्झाइम बंद पाडतं. ॲसिटाल्डिहाइड साचतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जपान, चीन, कोरियातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच अधू असतं. जनुकातलं एक अक्षर बदललेलं, बस्स. एका पेल्यात ते लाल होतात. आमच्या मजुराला जे एका दिवसाच्या कामाने झालं, ते तिकडे वारशाने मिळतं.

हे रसायन यकृताला नवं नाही. जर्मनीतल्या सायनामाइड कारखान्यातले कामगार बिअर प्यायल्यावर लाल होतात, हे १९१४ मध्येच नोंदलं गेलं. पुढे दारू सोडवण्यासाठी काही देशांत सायनामाइडचं औषधही केलं गेलं. म्हणजे छाटणीच्या हंगामात आपल्या बागांत नकळत दारूमुक्तीचा उपचार चाललेला असतो, फक्त रुग्णाला कोणी सांगितलेलं नसतं. इटलीत २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत द्राक्षबागांतले लोक आजारी पडू लागल्यावर विक्री काही काळ थांबवावी लागली. युरोपीय संघाने २००८ मध्ये सायनामाइड मंजूर यादीतून वगळलं. आपल्याकडे ते वापरात आहे, आणि हातमोजे बहुधा शेडमध्ये खुंटीला.

हातमोज्यांशिवाय हात भाजतात, थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, हे वेगळंच. दारूच्या बाबतीत नियम सरळ आहे. पेस्ट लावण्याच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर सात दिवसांपर्यंत थेंबही नाही. नाव ऐकून काही जण सायनाइड समजतात आणि त्याचा उतारा शोधत बसतात. हे सायनाइड नव्हे. उतारा नाही, लागतं ते आडवं झोपवणं, सलाईन आणि वेळेत रुग्णालय. आणि ‘पेस्ट लावली होती’ हे तोंडाने सांगणं.

दारू म्हणजे फक्त बाटली नव्हे, हे मला एका बाईने शिकवलं. टोळीतली कामकरी, आयुष्यात दारूला शिवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच लाल होऊन आली. नवरा शपथा घेत होता, मी मनातल्या मनात शंका घेत होतो. शेवटी तिने पदराखालून बाटली काढली, दशमूलारिष्टाची. कंबर दुखते म्हणून कामावरून आल्यावर रोज दोन झाकणं. आसव-अरिष्टांमध्ये आंबवण्यातून आलेला अल्कोहोल असतोच, काही खोकल्याच्या औषधांतही असतो. तेव्हापासून हंगामात मी ‘दारू पिता का?’ एवढंच विचारत नाही, ‘कुठलं पातळ औषध घेता?’ हेही विचारतो.

मग थंडी न मागणारं द्राक्ष का नाही लावत? कारण आपल्या बागांतल्या वेली बियांपासून आलेल्याच नाहीत. खुंटावर कलम, म्हणजे थॉम्पसन सीडलेसची लाखो वेली मिळून एकच झाड. एकाला थंडी हवी तर सगळ्यांना हवी. आपल्याकडचे गाजलेले वाण निघाले तेही बहुतेक एखाद्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून, आणि ते हेरले शेतकऱ्यांनी. तासगावच्या वसंतराव आर्वे यांचं ‘तास-ए-गणेश’, नान्नजच्या नानासाहेब काळे यांचं ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’. त्यांची नजर मण्याच्या लांबीवर, रंगावर होती. साहजिकच आहे, भाव त्यालाच मिळतो. झोप कमी असलेली फांदी कोणी शोधत नव्हतं.

मुद्दाम संकर करून काळ बदलण्याचं काम पुण्यात झालेलं आहे. आघारकर संशोधन संस्थेने कटावबा या अमेरिकी द्राक्षाचा ब्यूटी सीडलेसशी संकर करून ‘एआरआय-५१६’ हा वाण दिला. छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होतो आणि बुरशीच्या रोगांना दाद देत नाही. रसासाठी तो चांगला. घड वेलीवर जितके कमी दिवस आणि बुरशी जितकी कमी, तितक्या फवारण्या कमी, आणि तितके आमचे रुग्ण कमी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातूनही नवे वाण येत आहेत. माझी मागणी साधी आहे. वाण निवडताना गोडी, मणी आणि टिकाऊपणा या रकान्यांशेजारी ‘पेस्ट किती लागते’ हाही एक रकाना असावा. पीचमध्ये हा गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून उतरवता आला. त्याला वेळ लागला, इतकंच.

तो गडी बरा होऊन गेला. यंदा वसुबारसेच्या दिवशी त्याचा फोन आला. ‘‘साहेब, पेस्ट परवा संपली. लक्ष्मीपूजनाला चालंल का?’’ मी बोटांवर दिवस मोजले आणि नाही म्हणालो. ‘‘मग भाऊबीजेला?’’ मी पुन्हा मोजले. तेव्हाही सात भरत नव्हते.