सीटचे माप पायडलवरून

शिरूर–चौफुला मार्गावरील न्हावरे हा उसाच्या मळ्यांचा परिसर. अशा गावांत वाड्या-वस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलांना सायकलीचा मोठा आधार असतो. मूल पडू नये म्हणून पालक सीट इतकी खाली बसवतात, की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात. तोल साधेपर्यंत हे योग्यच. परंतु पुढेही सीट तशीच राहिली, तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा प्रमाणाबाहेर वाकतो, दुखू लागतो आणि मूल सायकलीलाच कंटाळते.

सीटचे माप जमिनीवरून नव्हे, पायडलवरून घ्यावे. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे व पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवताच गुडघा सुमारे २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलू लागली, तर सीट फार उंच झाली असे समजावे. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदल करावा. सीटच्या दांडीवरील मर्यादेची खूण नळीबाहेर येऊ देऊ नये.

थांबताना सीटवरून पुढे सरकून पाय टेकण्यास मुलास शिकवावे. ही सवय जडली की उंच सीटची भीती उरत नाही.